मालकीण म्हणता, मग किल्ली द्या

मी, संज्ञापन सिद्धांताची निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीत आणि पुरती वैतागून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. ज्यांनी टाकून पाहिला त्यांना विचारावे. आधीची मृत्युपत्रे रद्द.

१. राहते घर मी माझ्या पगारातून घेतले. ते धाकट्या भावाच्या बायकोला, तिच्या एकटीच्या नावे, देत आहे. दोघे माझ्याकडेच राहतात. भाऊ तिला चारचौघांत "आमच्या घरची मालकीण" म्हणतो. गेल्या हिवाळ्यात भाजी करपली, तेव्हा तोच तिला म्हणाला, "नीघ माझ्या घरातून." घर त्याचे नव्हते, तरी ती निघाली. मी व्याख्यानाहून परतले तर ही जिन्यात, बॅग मांडीवर घेऊन. भावाला जाब विचारला, तर म्हणतो, "ताई, रागात बोललो गं. शब्दच तर होते."

विद्यापीठातल्या माझ्या विभागात याच्या उलट तऱ्हा. तिथल्या विद्वानांना शब्दांबाहेर काही दिसतच नाही. महिलांच्या स्वच्छतागृहाला नाव काय द्यावे यावर समिती वर्षभर भांडली. 'सन्मान कक्ष' अशी पाटी लागली. दाराला आतून कडी अजून नाही. एकीने दार धरायचे, दुसरीने आत जायचे. भाषा जग घडवते, हे मी जन्मभर गर्जून सांगितले, आजही सांगते. पण वाक्यामागे कुलूप असते, तेव्हाच ते बाईला जिन्यात बसवते. कुलूप कुणाच्या हातात, हे न विचारणारा सिद्धांत मला नको.

२. बँकेतली शिल्लकही भावजयीला. घरपट्टी गौरवाने भरता येत नाही.

३. पुस्तके विभागाला, पण कडी बसेपर्यंत एकही खोके हलवू नये. शोकसभाही त्यानंतरच.

४. भावाला माझा माइक. या घरात राहू का, हे त्याने बायकोला विचारायचे आहे. सवय नाही, आवाज फुटणार नाही.

मसुदा सगळ्यांना वाचून दाखवला. भावजय म्हणाली, "वन्सं, हे सगळं तुम्ही गेल्यावर. तोवर हे परत 'नीघ' म्हणाले तर?"

दाराची एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी भावाकडे. त्याची मागून घेतली आणि तिच्या हातात ठेवली.

"मग मी बाहेरून आल्यावर काय करायचं?" भाऊ म्हणाला.

"बेल आहे की," ती म्हणाली.

स्थळ: याच घराचे स्वयंपाकघर. दिनांक: नोंदणीच्या शिक्क्याप्रमाणे.

सही: लिहिणारी.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई, तळमजल्यावरचे शिंपीकाका. सही आमच्यासमोर झाली. किल्ली दिलेलीही आम्ही पाहिली.