सहा कुकर आणि कच्चा भात

९ जाने. ८९, सोम.
आयटीआयच्या वर्कशॉपच्या गच्चीवर पोरांनी बनवलेल्या सोलर कुकरमध्ये भात शिजला! दहाला ठेवला, मग पोरं खाली पत्राकामाच्या प्रॅक्टिकलला आणि मी त्यांच्या मागे. साडेबाराला आठवण झाली. छान मोकळा भात. पोरांनी लोणच्याबरोबर उभ्या उभ्या फस्त केला, मला दोन घास मिळाले. पाच वर्षं 'उद्योजकता' शिकवतोय, म्हणजे पुस्तक मोठ्याने वाचतोय. आज पहिल्यांदा शिकवल्यासारखं वाटलं.
वंदना म्हणाली, "सर, मला कंपनीत जायचंच नाही. परीक्षा झाली की हेच बनवून विकणार." वर्गात मुलगी ही एकच, आणि हात सगळ्यांत साफ. पोरं हसली. ती नाही हसली.

१६ जाने., सोम.
प्राचार्यांनी अट घातली. सहा कुकर बनवा, वर्तकनगरच्या कॉलनीत सहा घरी वापरायला द्या. बायका हो म्हणाल्या तर परीक्षेनंतरही वंदनाला आपलं वर्कशॉप वापरू देऊ. नाही म्हणाल्या तर "हे सूर्याचे खेळ बंद, तुम्ही गपगुमान पत्रा शिकवा."
तिच्या घरी मशीन ठेवायला जागा कुठली! म्हणजे पोरीचं सगळं त्या सहा घरांवर.

३१ जाने., मंगळ.
सहाही तयार. पेट्या पोरांनी केल्या, काचेच्या झाकणाभोवतीची रबरी पट्टी मात्र सगळीकडे वंदनाची. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. उद्या घरोघरी पोचवायचे.

८ फेब्रु., बुध.
कॉलनीत गेलो. पाच घरी भात कच्चा. सहाव्या घरी कुकरमध्ये पापड ठेवलेत. पाचांतल्या देशपांडेकाकूंनी भाताची वाटी तयारच ठेवली होती. "खाऊन बघा मास्तर, मग बोला." खाल्ला. तांदूळच होते.

९ फेब्रु., गुरु.
डोकं फिरलेलं. वर्गासमोर वंदनाला झापलं, पट्टीतून वाफ जाते म्हणून.
"सर, मी एकेक पट्टी चारचारदा चेक केलेली."
"मग भात काय हौसेने कच्चा राहतो?"
तिने हातोडी जागेवर ठेवली, हात पुसले आणि निघून गेली.

११ फेब्रु., शनि.
वंदना काल नाही, आज नाही. पोरं माझ्याकडे बघतात आणि खाली बघतात. देशपांडेकाकूंचा कुकर रिक्षात घालून घेऊन आलो. उद्या घरी लावतो आणि पट्टी कुठे सुटते ते शोधतो.

१२ फेब्रु., रवि. डोंबिवली.
लाज वाटते लिहायला, पण लिहितो.
आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दहाला भात लावला. ऊन कडक. पट्टी चारी बाजूंनी तपासली, दोष दिसला नाही. साडेबाराला भात कच्चा. मनात म्हटलं, बघा, वाफ कुठूनतरी जातेच! पुन्हा वर निघालो तर सुमन दारात. "अहो, सकाळपासून कितव्यांदा वर चाललात?"
मोजलं. आठ वेळा जाऊन आलो होतो. प्रत्येक वेळी झाकण उघडलं होतं, एक शीत बोटांत दाबून पाहिलं होतं आणि पुन्हा लावलं होतं. प्रत्येक वेळी आतली सगळी ऊब माझ्या तोंडावर. आणि कुकरवर चिकटवलेला सूचनांचा कागद माझ्याच अक्षरातला: मध्ये उघडू नये.
सुमन म्हणाली, "मग त्या बायका काय वेगळं करत असणार? शीत दाबल्याशिवाय भात उतरवलेला बघितलाय का कधी?"
वर्कशॉपवर शिजला कारण तिथे कुणाला वर जायला फुरसत नव्हती.
इतकं हलकं वाटलं की तो कच्चा भातही गोड लागेल असं वाटलं. नाही लागला. पण पोरीचं काम चोख आहे.

१३ फेब्रु., सोम.
संध्याकाळी वंदनाच्या घरी गेलो. वडील वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून नुकते आलेले. "सर, तुम्ही कशाला त्रास घेतला, हिलाच पाठवली असती." मी सगळं सांगितलं, आठ वेळांसकट. वडील खो खो हसले. वंदना नाही.
म्हणाली, "सर, तुम्ही वर्गासमोर बोललेलात. वर्गासमोरच सांगा ना."
बरोबर आहे तिचं.

१४ फेब्रु., मंगळ.
सांगितलं. मागून कुणीतरी, "सर, आठ वेळा?" आणि वंदना सोडून सगळा वर्ग हसत सुटला. मीही.
मग उपाय. गणेश म्हणाला मोठ्या अक्षरात पाटी लावू. वंदना म्हणाली, "वाचतील आणि उघडतील." तिचा उपाय: झाकणाला कडी, कडीला छोटं कुलूप, आणि किल्ली शेजारणीकडे. साडेबाराच्या आत मागितली तरी द्यायची नाही.
हे माझ्या पुस्तकात कुठेच नाही.

२२ फेब्रु., बुध.
सहाही घरी भात शिजला!! देशपांडेकाकू: "अकरा वाजता किल्ली मागायला गेले, तर मेलीने दार लावून घेतलं." आणि वाटीभर भात पुढे. या खेपेला तूपही.
देवा, सुटलो.

६ मार्च, सोम.
प्राचार्यांनी परवानगी दिली. तोंड वाकडं करून, पण लेखी. कॉलनीतल्या अजून काही बायका कुकर मागतायत. वंदनाने वहीत नावं लिहून घेतली, प्रत्येकीपुढे शेजारणीचंही नाव.

१६ मार्च, गुरु.
तास संपल्यावर वंदना थांबली. वडिलांच्या कंपनीतून तिला अप्रेंटिसचं पत्र आलंय. परीक्षा झाली की लगेच हजर व्हायचं. वडील पेढे आणायला निघालेत.
"सर, माझ्या जागी तुम्ही असता तर?"
नोकरीच्या मागे लागू नका हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. आज ही समोर उभी राहून विचारते म्हटल्यावर खोटं बोलवेना.
"मी कंपनीत गेलो असतो," म्हटलं. "पण मी घाबरट आहे. हेही धरून विचार कर."
ती एकदम हसली. महिनाभरात पहिल्यांदा.
पत्राची घडी घालून दप्तरात ठेवली. दारातून वळून विचारलं, "सर, शनिवारी पत्रा वाकवायचं मशीन मोकळं आहे?"
आहे म्हटलं. कशाला ते विचारायचा धीर झाला नाही.