चहात बुडवलेलं बिस्कीट

साखरा, मंगळवार, संध्याकाळ

मी आंघोळीला गेले, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या चार महिन्यांच्या लेकीला बिस्कीट चाटवलं. चहात बुडवलेलं! मग दुपारभर ती अंगावर प्याली न्हाई, झोपली न्हाई, नुसती रडली. दूध साचून माझी छाती दगडासारखी झाली.

"तुझं दूध पुरून न्हाई राहिलं तिला," म्हणे. सहा महिने अंगावरचंच पाजा, हे नर्सबाईंनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. तरी चहात बुडवलेलं बिस्कीट!  

तसं बोलून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्याच घरात मला शिकवून राहिली का?"

"व्हय," म्हटलं आणि खोलीची कडी लावली.

आत्ता कुठं पिऊन झोपली पोरगी. बाहेर भांडी आपटणं चालू आहे. आपटू देत. पण त्या आवाजानं पोरगी उठली, तर मी बाहेर जाऊन भांडेन.