दुसरा डबा

मंगळवार, रात्र

आज भिशी मला लागली.

फ्लॅटचा हप्ता ह्यांचा ओव्हरटाइम धरून बसवला होता. चाकणच्या कंपन्यांत सगळे तेच करतात, ओव्हरटाइमलाच पगार समजतात. दिवाळीपासून तो बंद. तरी मी ह्यांना रोज दोन डबे देते, दुसरा रिकामा. बिल्डिंगला वाटावं, ओव्हरटाइम चालू आहे. शिफ्ट सुटली की हे ओव्हरटाइमची वेळ संपेपर्यंत कासारवाडी स्टेशनवर बसून राहतात.

आमची भिशी लिलावाची. जी जास्त पैसे सोडेल तिला उचल, आणि सोडलेलं बाकीच्यांत वाटतात. फार सोडायचं नाही असं ठरवून गेले होते. पण खालच्या मजल्यावरची सविता हटेना. मला रागच आला. हिचा नवरा दोन डबे घेऊन जातो, हिला कसली घाई? मी वाढवत गेले. बाकीच्या पोहे खात बघत होत्या. मिळाली मला, पण फ्लॅटचे जेमतेम दोन हप्ते निघतील. पुढे भिशी भरायची ती आहेच.

जिन्यात सविता म्हणाली, "ताई, तुमचा ओव्हरटाइम चालू आहे ना? मग कशाला ओढलीत? आमचा दुसरा डबा रिकामा जातो हो."

आमचाही, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तिने अर्धे मागितले असते का? पर्स घट्ट धरून वर आले.

हे आल्यावर आत्ता डबे घासले. दुसऱ्याला खरकटंही नव्हतं, तरी घासला.