रावबहादुरांची बारा पदे

मी, रघुपती नरसिंहराव बोंगाळे, वय एक्कावन्न, धंदा शिंपीकाम, राहणार चामराजपेट, बेंगळूर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो. कोणी भरीस घातलेले नाही. शाळा चौथीत सुटली. पुढचे सगळे, हे मृत्युपत्र धरून, माझे मी शिकलो.

१. राहते घर व पोस्टातली ठेव पत्नी अनुसूया हिची. तिच्यामागे कन्या क्षमा हिची.

२. शिलाईचे यंत्र व दोन्ही कात्र्या कारागीर शिवाप्पा यास. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

३. सन १९४२ ची मापांची वही क्षमाने जपावी. कारण असे. त्या साली प्रभातफेरीत, इंग्रजांपुढे लोटांगण घालणाऱ्या रावबहादुरांवर बारा पदे गाजली. ती मी रचली. त्यांचे कोट मीच शिवत असे. कोणाचे पोट बेचाळीस इंच, साहेबापुढे वाकताना कोणाची शिवण जाते, हे मलाच ठाऊक. "पाठ उसवली तिसऱ्यांदा, वाका अजून रावबहादूर" ही ओळ वहीत पान सत्तावीसवर, त्याच कोटाच्या मापाखाली आहे. गिऱ्हाइके तुटतील म्हणून शेवटच्या कडव्यात मी माझे नाव घातले नाही. गाणारा माझा मित्र हयवदन, शाळामास्तर. जागा मोकळी दिसताच त्याने "हयवदन म्हणे" घातले.

गळा त्याचा गोड, मान्य. तालात स्वल्प घाई करतो. फौजदाराने चौकात विचारले, पदे कोणाची? मी चार हातांवर होतो, गळ्यात इंचपट्टी. तोंड उघडले नाही. हयवदन म्हणाला, "नाव पदातच आहे की, साहेब." आठ महिने आत गेला. गेल्या महिन्यात त्याला टाऊन हॉलात शाल मिळाली. घरी येऊन अनुसूया म्हणाली, "हयवदनअण्णांनी काय रचलंय हो. तुम्हांला नाही सुचायचं असलं." मी जेवत राहिलो. मला त्या शालीचा हेवा वाटतो. खरे लिहायचे तर त्या आठ महिन्यांचा जास्त.

४. पदे माझ्या नावाने छापावीत. "हयवदन म्हणे" काढून "रघुपती म्हणे" करावे. मात्रा तेवढ्याच भरतात, मोजल्या आहेत.

५. एक साक्षीदार हयवदन असावा. त्याने सगळे वाचून सही करावी. न केल्यास कलम चार रद्द समजावे. त्याच्याशी कोणी भांडू नये.

चामराजपेट, बेंगळूर
ता. १४ सप्टेंबर १९६३
(सही) रघुपती नरसिंहराव बोंगाळे

आमच्यादेखत सही झाली:

१. ज्योतिबा, शेजारी, कापडदुकानदार.

२. हयवदन, शाळामास्तर. सगळे वाचले. पदे रघुपतीचीच. तुरुंग तेवढा माझा राहू द्यावा.