अपूर्णांक न येणारा माणूस

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींच्या कानातलं यंत्र नीट बसलं का, की तुम्ही बोलायला लागलात की त्या अजूनही ते काढून ठेवतात? (मामी, मी तुमच्या बाजूनं आहे.) तुम्ही वकिली बंद केलीत हे ऐकून वाईट वाटलं. आता उलटतपासणीचा सगळा भार घरच्यांवर पडणार, म्हणून जरा जास्तच वाईट वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. ह्यांचा खोकला गेला आणि माझा आवाज गेला. तो कशानं गेला हे सांगायलाच लिहायला बसले आहे, तेव्हा चष्मा लावून सावकाश वाचा आणि मधेच फोन करून हरकत घेऊ नका.

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी आहे. सारखी बाहेर बघते म्हणून पोरांनी तिचं नाव खिडकी ठेवलंय, आणि तीही त्या नावाला ओ देते. लेखी परीक्षेत ही कागदावर नाव घालते, तारीख घालते, सुबक समास आखते आणि मग कोरा कागद परत देते. अपूर्णांकांच्या चाचणीत तिला शून्य मिळालं, तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी (म्हणजे मुख्याध्यापिका, त्या उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्यापुढे सगळे वाकूनच उभे असतात) ठरवलं की येत्या शुक्रवारी तिला कच्च्या तुकडीत पाठवायचं. मामा, त्या तुकडीत गेलेलं मूल परत आलेलं मी पाहिलेलं नाही. तिथे पुन्हा बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात करतात, आणि मूलही हळूहळू आपल्याला काही येत नाही असं मानायला लागतं. खिडकीला अपूर्णांक येतात हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ती माझ्या वर्गातून हलणार नाही हेही मी ठरवलं आहे. फक्त तिला येतं हे मोठ्या बाईंना दाखवायचं राहिलं आहे.

तर मी कंबर कसली. लेखी परीक्षेशिवाय मुलांना काय समजलं हे जाणून घ्यायच्या कितीतरी तऱ्हा असतात, प्रशिक्षणात आम्हाला त्या शिकवल्या होत्या. (प्रशिक्षण देणाऱ्या बाईंच्या समोर चाळीस मुलं नव्हती, आम्ही होतो, आणि आम्हाला चहा मिळणार होता.) पहिली तऱ्हा अंगठ्याची. समजलं तर अंगठा वर, अर्धवट समजलं तर आडवा, नाही समजलं तर खाली. मी विचारलं आणि सगळा वर्ग आधी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. तो नेमका त्याच अंगठ्यानं नाक खाजवत होता, त्यामुळे निकाल लांबला. मग मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. डोळे मिटल्यावर वर्गात अशी शांतता झाली की मलाच भरून आलं, पण दोघं झोपले आणि बाकी सगळ्यांचे अंगठे वर. दुसऱ्या दिवशी गणित घातलं तर कोणालाच येईना. अंगठा वर म्हणजे बाई, आता पुढे चला, एवढाच त्याचा अर्थ असतो हे मला त्या दिवशी समजलं. एकट्या खिडकीचे दोन्ही हात तेव्हाही बाकाखाली होते.

मग दारातला प्रश्न. तास संपला की मी दारात उभी राहणार आणि आज काय शिकलो ते एका वाक्यात सांगेल त्यालाच बाहेर सोडणार. पहिल्यानं सांगितलं, छेद सारखे करून घ्यायचे. पुढच्या पंधरा-वीस जणांनी तेच वाक्य त्याच सुरात म्हटलं. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं की हे दार आत उघडतं हे मला आज समजलं. (त्याला सोडलं. तो खरंच काहीतरी शिकला होता.) बाहेर कवायतीचे सर शिट्टी फुंकत होते, कारण त्यांचं मैदान रिकामं होतं, आणि आत माझा आवाज बसत चालला होता. खिडकी दरवेळी तिची पाळी आली की मागच्याला पुढे सोडून रांगेच्या शेवटी जायची. घंटा झाली तेव्हा दारात आम्ही दोघीच होतो, आणि ती माझ्या हाताखालून निघून गेली.

एकमेकांचं काम तपासायला दिलं, तर तिथे सौदे सुरू झाले. तू मला छान दे, मी तुला उत्तम देतो. एका मुलीनं शेजारणीच्या कागदावर शेरा मारला, अक्षर सुंदर, उत्तर चूक, पण स्वभावानं चांगली आहे. नंतर रंगीत कागद वाटले. समजलं असेल तर हिरवा वर ठेवायचा, अडलं असेल तर लाल. वर्गानं त्यांची विमानं केली. खिडकीनं मात्र तिचे कागद घड्या घालून, फाडून एकावर एक असे ठेवले की अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती होतात ते सरळ दिसत होतं. मी तो पुरावा धावत मोठ्या बाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, ही हस्तकला झाली. मी त्यांच्याशी वाद घातला, आवाजाचा उरलासुरला भाग तिथे गेला.

खरी गोष्ट मला मधल्या सुट्टीत समजली. गोवर आल्यानं एक मुलगी बरेच दिवस शाळेत नव्हती. नळापाशी खिडकी तिला ओल्या रुमालाच्या घड्या घालून अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. इतकं स्पष्ट, इतकं धीरानं, की पाण्याची बाटली भरून वाहू लागली तरी मी ऐकत उभी होते. तास सुरू झाल्यावर त्या गोवरवालीनं फळ्यावरची सगळी गणितं सोडवली. मी खिडकीला बाजूला घेतलं आणि कुजबुजत विचारलं, अगं, मग मला का सांगत नाहीस? ती म्हणाली, "तुम्हाला येतं की, बाई. ज्याला येतं त्याला कशाला सांगायचं?"

मामा, खरंच आहे तिचं. आम्ही शिक्षक आयुष्यभर पोरांना तेच विचारतो जे आम्हाला आधीच ठाऊक असतं. मी न येण्याचं नाटक करून पाहिलं, तर तिनं माझ्याकडे फार दयेनं बघितलं आणि म्हणाली, बाई, तुम्हीच काल फळ्यावर लिहिलं होतं. कवायतीच्या सरांना अडाणी व्हायला तयार केलं. पण त्यांना हरणं सोसवत नाही, तिनं घडी घालायच्या आतच त्यांनी उत्तर सांगून टाकलं. वर्गातल्या पोरांना आता थोडंथोडं येतं, आणि जे थोडं येत नाही ते कबूल करत नाहीत.

शेवटी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसूनच राहिले. निकाल लागल्याशिवाय उठणार नाही असं (पाटीवर लिहून) सांगितलं. बऱ्याच वेळानं त्या नमल्या. अट अशी, की खरोखर अपूर्णांक न येणारा एखादा मोठा माणूस आणायचा. खिडकी त्याला त्यांच्यासमोर शिकवेल. मग त्या स्वतः फळ्यावर गणित घालतील आणि तो ते सोडवेल. त्याला जमलं तर मुलगी माझ्या वर्गात राहील. नाही जमलं तर त्याच दिवशी तिचं दप्तर उचलायचं.

तेव्हा आता काळजीत आहे, पण मागे हटणार नाही. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमची भाची

ता. क. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं इकडे या. हवापालट होईल. ह्यांनी स्टेशनवर यायचं कबूल केलं आहे.

आणखी ता. क. तुम्ही वकील आहात, पुरावा मागाल, म्हणून सांगते. माझ्या लग्नाआधी खोली रंगवताना अर्धा डबा पांढरा आणि एक तृतीयांश डबा निळा मिळून दोन पंचमांश डबा होतो, असं तुम्ही सर्वांदेखत ठणकावून सांगितलंत आणि रंग मिसळायला छोटा डबा आणायला लावलात. अर्ध्यात भर घालून अर्ध्यापेक्षा कमी करणारे तुम्हीच. रंग फरशीवर गेला तेव्हा डबा सदोष आहे असा तुम्ही युक्तिवाद केलात आणि आम्ही सगळे गप्प बसलो, कारण तुम्ही थोरले. मोठ्या बाईंनी विचारलं की असा माणूस आणणार कुठून, तेव्हा मी छाती पुढे काढून पाटीवर लिहिलं, आमच्या घरात आहे.

शेवटचं. हे वाचून तुम्हाला राग येईल, आणि रागाच्या भरात तुम्ही शुक्रवारच्या आत कोणाकडून तरी अपूर्णांक शिकून घ्याल. कृपा करून तसं करू नका, शिकलेले मामा माझ्या काही उपयोगाचे नाहीत. वर्गात तिला लाजवू नका, समजल्याचा आव आणू नका, नाही समजलं तर पुन्हा विचारा, ती कंटाळत नाही. तुम्ही कधी कुठल्या परीक्षेत नापास झाला नाहीत असं आजीला नेहमी सांगायचात. या वेळी मात्र खरंच पास व्हा, मामा, पोरीचं वर्ष तुमच्या उत्तरावर आहे.