आखूड दस्त्याची बंदूक

१२ नोव्हें., बुध.
आबांना जाऊन दोन महिने. त्यांच्या बंदुकीसाठी पो. स्टे.ला गेलेलो. वारसाने एक तर ती स्वतःच्या नावावर मागायची, नाही तर सरकारजमा करायची. म्हटलं, जमा करा, ब्याद जाऊ दे. हवालदार म्हणे, "काका, वडिलांच्या परवान्यावर एक नंबर, बंदुकीवर दोन. आधी ही आली कुठून ते लिहून आणा."
आता कुणाला विचारू? आबा "लढाईतली आहे" एवढंच सांगायचे. आईबद्दल तेवढंही नाही. मी तीन वर्षांचा असताना ती गेली. घरात तिचा एक फोटो नाही.

१५ नोव्हें., शनि.
माजिवड्याला, बंदूकवाले नाना. आबा गाव सोडून डोंबिवलीला आले तेव्हापासून बंदूक यांच्याच दुकानात ठेवलेली. शीळफाट्याला पाऊण तास अडकलो.
नानांनी भिंग लावून बघितली. "रायफल लष्कराचीच. मोडीत निघाल्यावर नळी आतून घासून गुळगुळीत केली, छर्‍यांची बंदूक झाली. पहारेकऱ्यांना द्यायचे अशा. मधे कधीतरी काडतूस आत सारणारा बोल्ट बदलला, म्हणून दोन नंबर. मग शेतसंरक्षणाच्या परवान्यावर तुमच्या आबांकडे." लेखी देतो म्हणाले. काम झालं, मी उठलो.
"थांबा. हे मात्र सरकारी काम नाही." खांद्याला लावायचा लाकडी दस्ता मागून दीड इंच कापलेला, गावच्या सुताराने कापावा तसा. नानांनी तो माझ्या कोपरात टेकवला. कोपराच्या आतून चापावरच्या बोटापर्यंत जेवढा हात, तेवढा दस्ता, असं माप असतं म्हणे. माझं बोट बरंच पुढे गेलं. शिवाय उजव्या अंगाला लाकूड खरवडलेलं, गाल टेकायला. "डावखुरं माणूस. हात लहान. पोर नाही तर बाई."
आबा सहा फुटी आणि उजवे.
डावखुरा आमच्या घरात मी एकटा. निदान आजपर्यंत तरी.

१६ नोव्हें., रवि.
शहाडला आत्याकडे. मला वाढवलं तिनेच, आणि डाव्या हातावर पट्ट्याही तिनेच मारल्या. सरळ विचारलं.
सोलायच्या शेंगांचं सूप तिने बाजूला सारलं. मग, "वैनी डावरीच होती रे. तुझे आबा मुंबयला नोकरीला. भात पिकलं की डुकरं यायची. वैनी मचाणावर बसायची बंदूक घेऊन, तू पाठीला बांधलेला."
"मग मला का मारायचीस?"
"तू डाव्या हातानं घास घेतलास की आबा ताटावरून उठायचे. किती दिवस उपाशी ठेवू माणसाला?"
राग यायला हवा होता.

१९ नोव्हें., बुध.
परत माजिवडा. कारण काही नव्हतं. ड्रॉइंग ऑफिसात जन्मभर मापं काढली, खिशात स्टीलची पट्टी असतेच. चापापासून दस्ता मोजला. साडेअकरा इंच. आईचा हात कोपरापासून बोटापर्यंत साडेअकरा इंच.
खरवडलेल्या जागी गाल लावला. लाकूड गुळगुळीत झालंय तिथे. नाना चहा सांगतो म्हणून बाहेर गेले, ते बऱ्याच वेळाने आले.
नुसता दस्ता काढून देता येईल का विचारलं. "पो. स्टे.ला विचारावं लागेल." विचारलं नाही. मला अख्खीच हवी आहे.

२४ नोव्हें., सोम.
नानांचा कागद पो. स्टे.ला चालला. आता जमा करायला अडचण नाही, असं हवालदार म्हणाला. मी दुसरा फॉर्म मागितला, स्वतःच्या नावावर घ्यायचा. "काका, परवा तर ब्याद म्हणत होतात."
सगळा भरला. एक रकाना राहिलाय, शस्त्र कशासाठी हवे. शेतसंरक्षण लिहावं तर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर तुळशीची एक कुंडी आहे. स्वसंरक्षण म्हणजे धडधडीत खोटं. सौ. म्हणाली, "खरं आहे ते लिहा की." रकाना मोजला, दीड इंच भरला. पेन डाव्या हातात घेऊन बसलोय.