मागच्या टायरवरचं साल

अहो, ऐकताय ना?

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. पण आठवण आली म्हणून लिहीत नाहीये. आज मला तुमचा संशय आलाय, आणि तो पोटात ठेवून मला झोप लागायची नाही.

तुमच्या मोटारसायकलच्या मागच्या टायरच्या कडेला चीर गेली होती. आपली मुक्ता म्हणाली, आता गाडी मी खराडीला ऑफिसला नेणार, टायर बदलून आणते. एकटी पोरगी बघून दुकानदार काहीही गळ्यात मारेल, म्हणून मी सोबत गेले. सवय तुमचीच! दुधाच्या पिशवीवरची तारीख चष्मा लावून वाचणारा माणूस तुम्ही.

दुकानदार म्हणाला, एकदम फ्रेश माल आहे काकू. म्हटलं, तारीख दाखवा. त्याने नाइलाजाने टायरच्या कडेवरचा लंबगोल दाखवला. त्यात चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. माल चार वर्षांचा निघाला! म्हटलं, तुमच्या फ्रेश मालाला आता बालवाडीत घाला.

मग तो म्हणे, जाड टायर घ्या, ताशी दीडशेपर्यंत चालतो, हे बघा कडेवर P लिहिलंय. पुण्यात दीडशे? कुठे? मी म्हटलं, जुन्याचं जे माप तेच द्या. जुन्या टायरवरची रुंदी, उंची, रिमचे इंच, सगळं वाकून वाचलं, आणि तिथेच मला तसाच लंबगोल दिसला.

साल तुमच्या अँजिओप्लास्टीनंतरचं होतं.

डॉक्टरांनी गाडी बंद केली तेव्हा देवासमोर म्हणाला होतात ना, हँडलला हात लावणार नाही म्हणून? मग बंद गाडीला नवा टायर कशाला? आणि तो निम्मा झिजला कसा? मी रविवारी भजनाला गेले की तुम्ही काय करत होतात? त्या दगदगीनेच तर दुसरा झटका आला नाही ना? दुकानातच मी मुक्ताकडे वळले.

ती रस्त्याकडे बघत होती. मला चुकवायचं असलं की ती अशीच बघते. खरं सांग, म्हटलं.

"बाबा मागे बसायचे, आई. गाडी मी चालवायचे, कात्रजपर्यंत. त्यांनी हँडलला एकदाही हात लावला नाही."

मला पटेना. चांगली उलटतपासणी घेतली. शेवटी तिला रडू फुटलं. म्हणाली, आईला मीच सांगतो, तू बोलू नकोस, असं बाबा म्हणाले होते. म्हणून बिचारी अजून गप्प होती.

मी नाहीच म्हटलं असतं, हे खरं. पण विचारून तर बघायचं! दर रविवारी जेवताना दोघं किती खुशीत असायचात. मला वाटायचं, माझी आमटी जमलीय. फार वाईट वाटलं हो मला.

नवा टायर घातलाय, त्याच मापाचा, यंदाचा. कडेवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला आहे, तेही बघून घेतलं.

मुक्ताला मी अडवणार नाही, हे वचन. पण तुम्हा दोघांवर एवढ्यात विश्वास ठेवणार नाही. येत्या रविवारी भजन बुडवून मी तिच्या मागे बसणार आहे. बाबा कुठे कुठे थांबायचे, एकेक जागा दाखव म्हटलंय तिला.

तुमची,
सुनंदा